गादीशेजारची खुर्ची

जर्मनीतल्या बॉबलिंगेन गावी, दोन खोल्यांच्या घरात शुभदाने जमखाना अंथरला, त्यावर गादी मांडली आणि गादीवर नवऱ्याची पगडी ठेवली. शेजारी स्वयंपाकघरातली खुर्ची. गादी राजाची, खुर्ची तिची. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

कडेगिरी हे तेरा गावांचं संस्थान. राज्य कधीच गेलं, दसऱ्याचा मान तेवढा उरला. राजाने "निघू द्या" म्हटल्याशिवाय देवीची पालखी सीमोल्लंघनाला निघत नसे. कारभाऱ्याने तीनदा हुकूम मागायचा; तिन्ही वेळा उत्तर आलं नाही, तर पालखी परत देवळात. शुभदाचा नवरा प्रसन्न इथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता, तो हुकूम फोनवरून द्यायचा. तो गेला तेव्हा मिलन सात वर्षांचा. भाऊबंद म्हणाले, "बाई गादी गिळणार." ती म्हणाली, "गादी पोराची आहे. अठरा पुरी झाली की त्याला देईन." तोवर हुकूम तिने दिला, पण खुर्चीत बसून.

एरवी ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायची. तिथे तिला "शुबी" म्हणत. दसऱ्याला मात्र पालखी निघाली की म्हातारे आत्माराम कारभारी फोनच्या पडद्यावर वाकून विचारायचे, "राणीसाहेब, जेवलात का?" वर्षभरात हे तिला दुसरं कोणी विचारत नसे.

यंदा मिलनला अठरा पुरी झाली होती. दूर आखन शहरी कॉलेजात शिकत होता, सकाळच्या गाडीने आला. मराठी त्याला सगळी कळे, पण उत्तर द्यायचं तर जीभ जर्मनकडे वळे.

"आई, तूच सांग ना. तुला सवय आहे," तो जर्मनमध्ये म्हणाला.

शुभदाचा हात पुरणातच थांबला. हो म्हटलं की झालं. आणखी एक वर्ष पदरात. पोरच म्हणतंय, मग भाऊबंद तरी काय बोलणार?

"गादीवर बस," ती म्हणाली. "आधी मोजे काढ."

"आल्झो... म्हणजे, ते मला हसतील."

"हसू देत. तुझे बाबा पहिल्या वर्षी उलटी पगडी घालून बसले होते."

साडेबाराला फोन लागला. तिकडे चार वाजले होते. पालखी खांद्यावर, भोई घामाघूम. आत्मारामांनी मुजरा केला. "राजे, हुकूम?"

मिलनने डोक्यावरची पगडी चाचपली.

"राजे, हुकूम?"

त्याने आईकडे पाहिलं. शब्द तिच्या ओठांवर आला होता. अकरा वर्षांत ही वाट त्या शब्दाच्या पायाखालची झाली होती. तिने पदर दातांत धरला आणि नजर जमखान्यावर खिळवली. वाजंत्री थांबली. भोयांतला एक जण पुटपुटला, "खांदा मोडला की!"

"राजे, हुकूम?" आत्मारामांचा आवाज कापला. हे तिसरं होतं.

"निगू द्या," मिलन म्हणाला.

तिकडे हशा पिकला. त्या हशातच कोणीतरी ओरडलं, "राजे बोलले!" ढोल कडाडले, पालखी हलली. मिलन लालबुंद होऊन हसत होता. शुभदाने पदर सोडला तेव्हा त्यावर दातांचे वण उमटले होते.

आत्माराम पडद्याजवळ आले. डोळे पुसत म्हणाले, "राजे, जेवलात का?"

"या..." जर्मनमधला 'हो' त्याच्या तोंडून निसटला. "म्हणजे, नाही. आईने पोळ्या केल्यात."

"जेवा, राजे, जेवा." फोन बंद झाला.

राजे सहा पोळ्या जेवले, चार डब्यात घेऊन तीनच्या गाडीने गेले.

स्टेशनवरून परतल्यावर तिने गादी गुंडाळली, पगडी पेटीत ठेवली. खुर्ची स्वयंपाकघरात नेली आणि तिच्यावर बसून वृद्धाश्रमाचा रजेचा अर्ज पुढे ओढला. पुढच्या दसऱ्याची रजा ती दर दसऱ्यालाच मागून ठेवायची. तारीख लिहिली आणि पेन थांबलं. आता ही रजा कशाला? हुकूम द्यायला राजा आहे.

पोळपाट अजून ओट्यावरच होता. त्यावर शेवटची पोळी, तिच्या वाटची, गार होऊन पडली होती.

राजाला पोळ्या कोण लाटून घालणार, असं मनाशी म्हणत तिने सही केली. मग उठून तवा तापत ठेवला.