रुख्मिणीबाईंचा ब्रेक

तेल्हाऱ्याच्या नत्थुजींनी बासष्ट साली मोटार घेतली, तेव्हा गावाला एकच शंका होती. ही रुख्मिणीबाईंचं ऐकेल का?

शंकेला कारण होतं. घरच्या रेंगीचा, म्हणजे बसायच्या हलक्या बैलगाडीचा, कासरा नत्थुजींच्या हातात असे. पण बैल थांबत ते शेजारी बसलेल्या बायकोच्या, रुख्मिणीबाईंच्या, "हो, हो" वर. नत्थुजींनी कासरा ओढून ओढून पाठ टेकली तरी बैल एक कान मागे वळवून वाट पाहत, बाई काय म्हणतात ते. ही बैलांची खोड आहे, असं नत्थुजींनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मोटार मात्र ऐकेना. पहिल्याच फेरीत बाई "हो, हो" म्हणत राहिल्या आणि मोटार सरळ गोठ्याच्या कुडात शिरली. बाई खाली उतरल्या, पदरावरचा कडबा झटकला आणि म्हणाल्या, "हिले कान नाईत. मले पायाखाली काईतरी द्या, नाईतर मी आपली रेंगीनंच येईन."

म्हणून मोटार अकोल्याला गेली, जठारपेठेत, डोमाजी मिस्त्रीकडे. डोमाजीनं मोटारीकडे पाहिलंच नाही. बाईंकडे पाहिलं आणि म्हणाला, "होईल." त्यानं डाव्या बाजूला, बाईंच्या पायाशी, आणखी एक ब्रेक बसवला. लोखंडी सळईनं तो नत्थुजींच्या ब्रेकला जोडला आणि जोड सुटू नये म्हणून त्यात लोखंडी खिट्टी ठोकली. आता कोणीही दाबा, दोन्ही ब्रेक एकदम खाली जात, एका जुवातल्या बैलांसारखे. डोमाजीनं छिन्नीनं त्यावर स्वतःचं नाव कोरलं.

"नत्थुजीभाऊ, असा ब्रेक विलायतेतबी नाई."

"कावून नाई?"

"तिथं वयनी नाईत."

तेव्हापासून कामाची वाटणी झाली. चाक, भोंगा आणि पेट्रोल नत्थुजींकडे, थांबणं रुख्मिणीबाईंकडे. त्या कोंबडीसाठी थांबवत, वरातीसाठी थांबवत, कोणाच्या गुडघ्याची चौकशी करायला थांबवत. एकदा तर कुंपणावर वाळत घातलेलं लुगडं आवडलं म्हणून थांबवली. नत्थुजींनी सगळं सोसलं. मोटार आपली, चालवणारे आपण, अशी ऐट असल्यावर माणूस पुष्कळ सोसतो.

पण दिवाळीत अमरावतीचे व्याही आले. खुशालरावांची कापसाची जिनिंग होती, मोटार होती, वर पगारी ड्रायव्हरही होता. त्यांना मागच्या सीटवर बसवून नत्थुजी अकोला दाखवायला निघाले. कापडबाजारात बाईंना कोंबडी दिसली. मोटार थांबली. खुशालरावांची टोपी थांबली नाही. ती समोरच्या काचेवर आपटून बाईंच्या ओटीत पडली. बाईंनी ती झटकून परत केली. खुशालरावांनी डोक्यावर ठेवली आणि गोड आवाजात विचारलं, "व्याही, तुमी गाडी चालवता, का नुसते गाडीत बसता?"

हे वाक्य नत्थुजींच्या घशात कपाशीच्या बोंडासारखं अडकलं. नंतर कितीही पाणी प्यालं तरी उतरेना. म्हणून खुशालरावांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी ठरवलं की या वेळी मोटार व्याह्यांच्या दारी चारचौघांदेखत जाईल आणि नत्थुजी थांबवतील तिथंच थांबेल.

निघायच्या दिवशी सकाळी ते मोटारीखाली शिरले, खिट्टी उपटली आणि कोटाच्या खिशात टाकली. बाईंचा ब्रेक जागेवरच राहिला. दाबला की स्प्रिंगवर वाकून नमस्कार करायचा. बाकी त्यावर डोमाजीचं नाव तेवढं उरलं होतं.

गावाबाहेर पडल्यावर नत्थुजींच्या लक्षात आलं, की आपण फार पुढचा विचार केलेला नाही. बाईंनी दाबलं आणि मोटार थांबली नाही, तर बाई ओळखतील. ओळखलं तर तिथंच उतरतील. आणि मुलगी सत्यभामा ज्या घरात दिली, तिथं तिच्या आईशिवाय तोंड घेऊन जायची सोय नव्हती. उपाय एकच. बाईंचा पाय खाली गेला की त्याच क्षणी आपला पाय दाबायचा.

म्हणजे बाईंच्या पायावर नजर ठेवणं आलं. मोटार आपल्या ताब्यात घेतलेला हा माणूस त्या दिवशी बायकोच्या जोडव्यांकडे पाहत मोटार हाकू लागला.

शेळी आडवी आली, जोडवी वाकली, नत्थुजी वाकले. अकोला मागे पडेपर्यंत त्यांचा पाय चांगला सरावला. मुर्तिजापूरला त्यांनी उतरून चहा घेतला. बाई मोटारीतच बसून राहिल्या. तिथून पुढं मात्र जोडव्यांना काही ताळतंत्र उरला नाही. कावळ्यासाठी दाबा, मैलाच्या दगडासाठी दाबा, कशासाठीही नाही म्हणून दाबा! नत्थुजींनी एकही चुकवला नाही. असा पाय वऱ्हाडात दुसऱ्या कोणाचा नसेल, असं वाटून त्यांची छाती हळूहळू फुगत गेली.

बडनेऱ्याच्या अलीकडे बाभळीआडून म्हैस रस्त्यावर आली. नत्थुजींना ती दिसली नाही, कारण ते जोडव्यांकडे पाहत होते. जोडवी वाकली, नत्थुजी वाकले. मोटार थांबली तेव्हा म्हैस काचेतून आत डोकावत होती.

"दिसली नव्हती का?" बाईंनी विचारलं.

"दिसली ना."

"कोन?"

नत्थुजींनी भोंगा वाजवला.

अमरावतीत खुशालरावांच्या दारी मांडव होता, सनई होती, पाहुण्यांची रांग होती. आणि नेमकं तिथं रुख्मिणीबाईंनी दोन्ही पाय वर घेतले, मांडी घातली, पदर सारखा केला आणि समोर पाहू लागल्या. नत्थुजींना जे हवं होतं तेच हे. रस्ता मोकळा, मोटार त्यांची, थांबवणारे तेच.

नत्थुजींनी खाली पाहिलं. पाय नव्हता. ते पायाची वाट पाहू लागले.

मांडव गेला. हात पसरून उभे असलेले खुशालराव गेले. ओवाळायचं ताट घेतलेली सत्यभामा गेली. सनईवाल्यांनी वाजवता वाजवता माना वळवल्या.

"अवो, थांबा की!"

"तुहा पाय कुठं हाये?"

"माहा पाय माह्यापाशी हाये! खिट्टी तुमच्या खिशात हाये!"

नत्थुजींचा पाय आपोआप खाली गेला. मोटार थांबली.

"मुर्तिजापूरले हातानं दाबून पाह्यला मी," बाई म्हणाल्या. "तुमचा ब्रेक हाललाच नाई. अन् तुमच्या खिशातल्या चिल्लरीत खिट्टी वाजून राहिली होती."

"मंग पुढं कावून दाबत होती?"

"पाहून राहिली होती, किती ऐकता ते." बाईंच्या चेहऱ्यावर पोळ्यात आपली जोडी पहिली आल्यासारखं तेज होतं. "एकबी चुकवला नाई तुमी."

नत्थुजी ताठ बसले.

एवढ्यात खुशालराव धापा टाकत आले, मागे सगळे पाहुणे. त्यांनी डावीकडचं दार उघडून बाईंचा ब्रेक हातानं दाबला. तो लुळा पडला. "अहो, हा तं मेला! हा चालतच नाई!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. नत्थुजींचे कान तापले.

"चालते," रुख्मिणीबाई शांतपणे म्हणाल्या. "बसा मांगं. टोपी हातात धरा."

खुशालराव बसले. मोटार वळली. मांडवासमोर बाईंनी पाय दाबला, मोटार थांबली. पाहुण्यांपुढं पुन्हा दाबला; पुन्हा थांबली. खुशालराव उतरले आणि नव्या कोऱ्या धोतरानिशी मोटारीखाली शिरले. बराच वेळ त्यांचे पायच दिसत होते. बाहेर आले ते नाकाला वंगण लावूनच.

"सळई तं लोंबून राहिली, व्याही! कशालेच जोडली नाई! कोन्या मिस्त्रीनं केलं हे? माह्या गाडीले बसवून द्या. माहा ड्रायव्हर माहं काईच ऐकत नाई."

नत्थुजींनी आधी जमलेल्या लोकांकडे पाहिलं. मग मिशीवरून हात फिरवला. घशातलं बोंड कुठं गेलं, कळलंसुद्धा नाही.

"हे बसवून भेटत नाई, व्याही," ते म्हणाले. "रेंगीपासून सुरुवात करा लागते. पहिले बैल..."

ते आणखी बरंच सांगणार होते, पण मोटारीतून "हो, हो" असा आवाज आला आणि नत्थुजी सगळ्यांदेखत, मोठ्या ऐटीत थांबले.