उरलेलं ठेवायची जागा

"यात चारच पोर्ट आहेत," आई म्हणाली. "बाकीच्या डिस्क काय गळ्यात घालून फिरू?"

रविवारची दुपार होती. उष्टी ताटं अजून टेबलावरच होती आणि त्यांच्या पलीकडे आईचा कॉम्प्युटर चालू होता. तिच्यासाठी मी एक मदरबोर्ड शोधून ठेवला होता. नवा, छोटा, स्वस्त, वॉरंटीसकट, डिस्क जोडायला चार पोर्ट असलेला. आईला घरात एक सर्व्हर उभा करायचा होता. कपाटातल्या सुट्या, जुन्या हार्डडिस्कवरचं सगळं एका पेटीत आणायचं, आणि एक डिस्क मेली तरी तिच्या जोडीच्या डिस्कवर ते शिल्लक राहील असं बघायचं.

"चारांवर सगळं मावेल की," मी म्हटलं.

"मावेल. आणि त्यांच्या जोड्या कुठे लावू? तुझ्या डोक्यावर?"

आई लग्नांचे व्हिडिओ कापायची. कॅमेरावाले चित्रण आणून टाकत आणि ती त्यातून घरच्यांना बघवेल असा सिनेमा करून देई. बाबा गेल्यावर याच कामावर तिने घर चालवलं. कापलेले तुकडे बाकीचे लोक पुसून टाकतात. आई ते 'उरलेलं' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. माणसं तयार होण्याआधी सुरू झालेला कॅमेरा, भिंतीला टेकून झोपलेला काका, चपला शोधणारी आत्या.

"लोकांचं तू कशाला सांभाळतेस? त्यांच्याकडे सिनेमा आहे ना?"

"सिनेमात सगळे पोट आत घेऊन उभे असतात," आई म्हणाली. "आणि या तुझ्या बोर्डाला चूक पकडणारी मेमरी चालत नाही. साधी मेमरी कधीतरी एखादा आकडा गपचूप बदलते, कळतसुद्धा नाही. काही वर्षांनी उघडावं तर कुणाच्या तरी आजोबांच्या तोंडावर हिरवा पट्टा."

"असं कितीदा होतं?"

"क्वचित. पण आजोबा एकच असतात ना."

तिला हवा होता तो एखाद्या ऑफिसच्या सर्व्हरमधून निघालेला जुना बोर्ड. आठ पोर्टांचा, हवी ती मेमरी घेणारा, आणि जुना म्हणून परवडणारा. जुने सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराला तिने तसं सांगून ठेवलं होतं. त्याला ती घरात भंगारशेठ म्हणायची.

"तो बोर्ड वीज खाईल. पंखा दिवसभर घोंघावत राहील."

"तुझे बाबा घोरायचे, त्यापेक्षा कमीच," आई म्हणाली. "चल, ताटं उचल. वाळली बघ."

मी ताटं उचलली. ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि माझ्या बोर्डाचं पान तिने बंद केलं.

दुसऱ्या दिवशी चहा गार झाला तरी तिच्या खोलीचं दार उघडलं नाही.

सगळे फोन मामाने केले. त्याला ते जमत होतं. खालच्या आवाजात, मोजकं आणि दर वेळी जवळजवळ त्याच शब्दांत. मी आलेल्यांना पाणी देत होते. मामा परत गेल्यावर आईचा मोबाइल मी सांभाळू लागले. कुणी विचारलं तर मी सांगायची, "आई नाहीये." ते खोटं नव्हतं. लोक म्हणत, बरं, मग करतो पुन्हा. मी म्हणायची, हो.

आणि एका सकाळी दारात एक शिंपी उभा राहिला. गळ्यातली टेप काढायची राहून गेली होती.

"बाई आहेत?"

"नाहीयेत."

"कधी येतील?"

मी विचारलं, "तुमचं काय काम होतं?"

त्याची बायको काही महिन्यांपूर्वी वारली होती. मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ आईने केला होता. "सिनेमा आहे हो माझ्याकडे," तो म्हणाला. "पण त्यात ती एकदाच आहे, तीही पाठमोरी. नवऱ्या मुलाची आई ती, एका जागी बसतेय कशाला! कॅमेरावाला म्हणाला, बाईंकडे उरलेलं असतं. बाईंना सांगा, घाई नाही." मग जरा थांबून म्हणाला, "तशी आहे थोडी."

त्याला बसवून मी कपाट उघडलं. डिस्कवर लग्नाचं साल लिहिलेलं होतं, त्यामुळे ती लगेच सापडली. जोडली तर आतून घड्याळासारखी टिकटिक यायला लागली. आई असा आवाज आला की हातातलं काम टाकून उठायची. फोल्डर मात्र उघडला.

एक बाई एकावर एक रचलेल्या खुर्च्यांना टेकून उभी होती. एक चप्पल काढून पाय दाबत होती. "माझं काय काढतोयस रे? तिकडे काढ, नवरीचं काढ," ती कॅमेऱ्याला म्हणाली. कॅमेरा जरा खाली झाला, पण बंद झाला नव्हता आणि ती त्यात दिसत होती. चित्रण थांबलं असं समजून तिने हळूच केस नीट केले, पदर सारखा केला. न जाणो, परत आला तर.

शिंप्याने तोंडावर हात धरला. नंतर म्हणाला, "बघा! मला म्हणायची, मला नाही बाई हौस."

तेवढा तुकडा मी त्याला पेनड्राइव्हवर दिला. तो गेल्यावर मी तिथेच बसून राहिले आणि पुढचे तुकडे बघत गेले. खरं तर आईला शोधत होते. ती कुठेच नव्हती. कॅमेऱ्यापुढे ती कधी गेलीच नव्हती. पण बघता बघता एक लक्षात आलं. कुणाचंही बोलणं संपलं की तुकडा लगेच तुटत नव्हता. माणूस बोलून गप्प व्हायचं, श्वास घ्यायचं, इकडेतिकडे बघायचं आणि मग पडदा काळा व्हायचा. ती थांबण्याची जागा आईने ठरवलेली होती. प्रत्येक वेळी.

डिस्क अडकली. पुन्हा चालू केली तेव्हा दिसली, थोड्या वेळाने परत अडकली. तिच्यावर अजून कितीतरी घरं होती आणि ती उतरवून घ्यायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी भंगारशेठच्या दुकानात गेले. आईचं नाव सांगताच त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर ठेवला.

"मावशी नाही आल्या? वाचलो! त्या भाव करत नाहीत हो, जीव घेतात." हसत हसत त्याने फळीवरून एक बोर्ड काढला. "हा त्यांच्यासाठीच बाजूला ठेवलाय. एक ऑफिस बंद झालं, तिथला. आठ पोर्ट, मेमरीसुद्धा त्यांना पाहिजे तीच. रोज कुणी ना कुणी मागतं, मी म्हणतो मावशींचा आहे."

बोर्ड मोठा होता, मी शोधलेल्याच्या दुप्पट. कडेला धुळीची बारीक रेघ राहिली होती. पोर्ट मात्र स्वच्छ होते.

"तुम्ही नेताय का?" त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि एक छोटा बोर्ड काढून शेजारी ठेवला. "मग एक बोलू? साध्या घरासाठी हा चारवाला न्या. नवा आहे, लावा आणि विसरा. हा आठवाला असा नाही. पंखा साफ करत राहावं लागतं, डिस्क मेली की त्याच दिवशी बदलावी लागते. याच्यामागे माणूस लागतं. मावशी आहेत म्हणून मी देतोय."

मी दोन्ही बोर्डांकडे पाहत राहिले. चारवाला खरंच चांगला होता.

"असं करा," तो म्हणाला, "फोन लावा मावशींना. एकदा गेला की मी परत घेत नाही, त्यांना ठाऊक आहे."

त्याने आपलाच फोन काउंटरवरून माझ्याकडे सरकवला. मी तो हातात घेतला नाही.

"आई गेली," मी म्हणाले. आवाज माझाच होता, मामासारखा खालचा नव्हता. दुकानात मागे बसलेल्या माणसानेही वर पाहिलं.

"आई गेली. हा आठवाला द्या. याच्यामागे काय काय करावं लागतं, ते मला दाखवा."