तीन काचा आणि एक भेडाघाट

मित्रांनो, मी एक जुनी माशांची पेटी आहे. मला चार भिंती आहेत. तीन काचेच्या आणि चौथी पांढऱ्या दगडाची. घरी आलेला पाहुणा आधी माशांकडे पाहतो, मग त्या दगडाकडे, आणि मग विचारतो, "ही एक काच कुठे गेली?" घरची माणसे नुसती हसतात. सगळे सांगत बसायला त्यांना वेळ नसतो. मला मात्र वेळच वेळ आहे. पाणी धरून उभे राहणे एवढेच माझे काम, आणि ते करता करता बोलता येते.

माझा जन्म जबलपुरातल्या एका लोहाराच्या दुकानात झाला. लोखंडी पट्ट्यांची चौकट, तळाला पाटीचा काळा दगड आणि चारी बाजूंना जाड काच. काच आणि लोखंड एकमेकांना थेट चिकटत नाहीत. त्यांच्यामध्ये खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून केलेली पुट्टी भरतात. पाणी भरले की ते काचेला बाहेर ढकलते, काच पुट्टीला दाबते आणि पुट्टी फटी बुजवते. म्हणजे जे पाणी बाहेर पडायला पाहते, तेच मला घट्ट करते. मला याचे अजूनही नवल वाटते.

पहिली काही वर्षे मी सिव्हिल लाइन्समध्ये एका साहेबाच्या दिवाणखान्यात होते. साहेबाची बदली झाली. नंतर आलेल्या साहेबाला माशांची आवड नव्हती. त्याने मला व्हरांड्यात ठेवून माझ्यात छत्र्या आणि फिरायच्या काठ्या उभ्या केल्या. छत्र्या पावसाच्या गोष्टी आणत, पण पाणी थेंबभरच. माझी पुट्टी वाळली, काचा धुळीने आंधळ्या झाल्या. पुढे त्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला आणि भाऊरावांनी मला टांग्यात घालून घरी आणले.

भाऊराव तार कचेरीत नोकरीला होते. त्यांचे घराणे मूळचे अमरावतीकडचे, पण ते स्वतः जबलपुरातच वाढलेले. घरात त्यांची थोरली विधवा बहीण भानुमती होती, आणि मुलगी इंदू. इंदूची आई अंजनी बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. इंदूचा एक पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तिच्या गुडघ्याच्या सांध्यात विकार झाला होता. डॉक्टरांनी सांगितले होते, "होळीपर्यंत हा पाय जमिनीला लागता कामा नये. लागला, तर तो जन्मभर वाकडा राहील."

आता दहा वर्षांच्या मुलीला इतके दिवस निजवून ठेवायचे कसे? त्यासाठी मी आले होते.

भाऊरावांनी माझी पुट्टी नवी केली. मला इंदूच्या खाटेशेजारी, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवले. ग्वारीघाटावरून नर्मदेचे पाणी आणि वाळू आणली, तलावातली पाणवनस्पती आणली, आणि बरगी गावच्या एका कोळ्याकडून बोटाएवढे चार-पाच मासे. त्यातल्या एका मासोळीच्या शेपटीजवळ काळा ठिपका होता. इंदूने तिचे नाव टिकली ठेवले.

माशांचे एक असते. समोर काही झटकन हलले की ते मागच्या कोपऱ्यात पळतात. इंदू कुशीवर वळली की पेटी रिकामी दिसे. ती निश्चल पडली की हळूहळू सगळे पुढे येत. टिकली तर काचेला तोंड लावून तिच्याकडेच पाहत राही. इंदू शांत निजायला शिकली ती अशी. दुपारी कौलांच्या भोकांतून उन्हाचे गोल कवडसे माझ्या पाण्यात उतरत, पाणी ते छतावर पाठवी, आणि छप्पर नदीच्या तळासारखे हलू लागे. इंदू म्हणे, "आत्या, मी बुडून राहिली आहे. पण श्वास घेता येतो." तसे कितीतरी दिवस आम्ही दोघी त्या हलत्या उजेडात पडून होतो. कोण आत आहे आणि कोण बाहेर, हे मलाही कधी कधी कळत नसे.

मग पौषातल्या अमावास्येचे सूर्यग्रहण आले.

भाऊराव कचेरीत गेले होते. ग्रहण लागले तसे कौलांतून आलेले कवडसे बदलू लागले. प्रत्येक गोल एका बाजूने खाल्ला गेला. भिंतीवर, खाटेवर, माझ्या वाळूवर, जिकडे तिकडे चतकोर तुटलेल्या भाकरीसारखे सूर्य पडले. मासे त्यांच्यामधून फिरत होते.

ग्रहण सुटले आणि आत्या उठल्या. ग्रहणात घरात भरून ठेवलेले पाणी नंतर ओतून टाकायचे, भांडी घासून नवे भरायचे, ही त्यांची रीत. घागरी झाल्या, हंडे झाले. मग त्या माझ्यासमोर आल्या.

"आत्या, हे नाही," इंदू म्हणाली. "हे नर्मदेचं पाणी आहे."

"नर्मदेत आहे तोवर नर्मदा. घरात आणून भरलं की ते भरलेलं पाणी."

"मग बरगीचा कोळी मासे धरतो ते पाणी काहून नाही टाकत?"

"तो नदी उपसेल तेव्हा मी बघीन. तू पाय हलवू नको."

मित्रांनो, आत्या दुष्ट नव्हत्या. त्यांनी एकेक मासा ओंजळीत धरून मातीच्या कुंडीत सोडला. पाणी काढले. मग बाकीच्या भांड्यांप्रमाणे मलाही स्वच्छ करावे म्हणून बंबातले कढत पाणी माझ्यात ओतले. बाहेर पौषाची थंडी. काचेची आतली बाजू एकदम तापून फुगू लागली, बाहेरची गारच राहिली. एकाच काचेच्या दोन बाजूंचे पटले नाही की काय होते, ते मला त्या दिवशी समजले. माझी डावीकडची आखूड बाजू कट् करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकली.

"अगं बाई!" आत्या म्हणाल्या, आणि तिथेच खाली बसल्या.

संध्याकाळी भाऊरावांनी तड्यावरून बोट फिरवले. "चलो, झालं हिचं. हिला मोडीत देऊ. कलकत्त्याहून नवीच मागवतो."

"किती दिवस लागतील?" इंदूने विचारले.

"महिना. दीड महिना."

"तोवर मी काय पाहू? माशी?"

मासे कुंडीत जिवंत होते. पण कुंडी मातीची होती, जमिनीवर होती, आणि खाटेवरून तिचा फक्त काठ दिसे. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या स्वयंपाकघरात असताना इंदूने दोन्ही हात टेकून खाली उतरायचा प्रयत्न केला. धप्प आवाज झाला. आत्या धावत आल्या, तर ती जमिनीवर पालथी पडून कुंडीत पाहत होती. गुडघ्यापाशी प्लास्टरला चीर गेली होती.

डॉक्टर आले. त्यांनी प्लास्टर नव्याने घातले आणि भाऊरावांना बाजूला घेऊन म्हणाले, "या वेळी निभावलं. पुन्हा पडली, तर पाय सरळ होण्याची आशा सोडा."

आता घाई झाली. भाऊराव बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून काच घेऊन आले. तसबिरींना लावतात तशी पातळ काच. त्यांनी ती मला बसवली, पुट्टी वाळू दिली आणि अंगणात पाणी भरून पाहिले. पाणी जितके खोल, तितका तळाशी त्याचा दाब जास्त. मी अर्धीही भरले नव्हते, तोच तळाजवळून काच फुटली आणि सगळे पाणी अंगणभर पसरले.

"जाड काच इथे मिळून नाही राहिली," भाऊराव थकून म्हणाले. "ताई, खरंच मोडीत देतो हिला."

आत्या देवघरात गेल्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पांढरा दगडी पाट होता. हातभर लांब-रुंद, करंगळीएवढा जाड, भेडाघाटच्या संगमरवराचा. लग्नाच्या वर्षी नवऱ्याबरोबर भेडाघाटला गेल्या होत्या, तेव्हाचा. सासरहून परत येताना त्यांनी तेवढाच बरोबर आणला होता.

"ताई! यावर देव बसतात!"

"लाकडी पाटावर बसवले त्यांना. कोणी तक्रार नाही केली."

"अन् हा कापावा लागेल. चारी बाजूंनी."

आत्यांनी पाटावरून एकदा पदर फिरवला. "काप," त्या म्हणाल्या. "मी फोडलं, मी बुजवीन."

एका दगडकाम करणाऱ्याने पाट माझ्या मापाचा घासून दिला. भाऊरावांनी तो चौकटीत आतून बसवला आणि पुट्टी भरली. आता ती मुरेपर्यंत थांबायचे होते, आणि तेवढे दिवस इंदूला खाटेवर ठेवायचे होते. आत्यांनी कुंडीजवळ चटई टाकली आणि तिथेच बसून राहिल्या. तांदूळ तिथे निवडले, वाती तिथे वळल्या, आणि इंदूला आतली खबर सांगत राहिल्या.

"टिकली डावीकडे गेली. आता उजवीकडे. आता थांबली."

"काहून थांबली?"

"विचार करते आहे."

"कशाचा?"

"माझ्याकडे पाहून राहिली. राग आहे तिचा माझ्यावर."

"आत्या, तू बनवून सांगून राहिली."

"उठून पाहू नको म्हणजे झालं. अर्धं बनवलेलं आहे, अर्धं खरं."

मी अंगणाच्या कोपऱ्यात रिकामी उभी राहून ते ऐकत होते. असे वर्णन मी तोवर कधी ऐकले नव्हते. आत्यांच्या त्या कुंडीत कधी टिकलीचे लग्न झाले, कधी ती रुसून वनस्पतीमागे बसली. इंदू डोळे मिटून ऐके. तिचा पाय हलला नाही.

मग मला खाटेशेजारी ठेवले आणि भाऊराव तांब्या तांब्याने पाणी ओतू लागले. पाणी पाटाच्या मध्यापर्यंत चढले. खालच्या कडेला एक थेंब जमला, लोंबला आणि पडला. पाठोपाठ दुसरा. आत्यांनी डोळे मिटले. भाऊरावांचा हात थांबला.

"ओता ना, बाबा," इंदू म्हणाली.

त्यांनी आणखी ओतले. पाण्याने दगडाला बाहेर रेटले, दगडाने पुट्टीला दाबले, आणि तिसरा थेंब बराच वेळ तिथेच लोंबत राहिला. तो पडला नाही. भाऊरावांनी तो बोटाने पुसला. पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन त्या बाजूने आले. मित्रांनो, पातळ संगमरवर उजेड अडवत नाही. तो उजेड पिऊन मऊ करतो. माझी सगळी डावी बाजू दुधासारखी उजळली, आणि तिच्यासमोरून मासे असे फिरू लागले, जसे भेडाघाटच्या पांढऱ्या कड्यांखालून नाव जाते. इंदूने कुजबुजत म्हटले, "आत्या, हे पाहा." आत्यांनी पाहिले. त्यांना त्यात आणखी काय दिसले, ते मला माहीत नाही. त्या बराच वेळ तिथेच उभ्या होत्या.

कलकत्त्याला पत्र गेले नाही. होळीनंतर प्लास्टर निघाले. इंदूचा पाय बारीक झाला होता, पण सरळ होता. एक हात माझ्या चौकटीवर ठेवून ती पहिल्यांदा उभी राहिली, आणि टिकली घाबरून मागे पळाली. अंजनी बाळाला घेऊन आली. मग त्या हलत्या छपराखाली बाळ निजू लागले. दगडातला चुना अगदी थोडा थोडा पाण्यात उतरतो. त्यामुळे पाणवनस्पतीबरोबर माझ्यात आलेल्या गोगलगायींचे शंख पूर्वीपेक्षा जाड झाले. एवढाच काय तो फरक.

पुढे पुन्हा ग्रहण आले आणि सुटले. आत्यांनी घागरी ओतल्या, हंडे ओतले. इंदू चालत आली, कुंडी हातात घेऊन माझ्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, मासे काढू का? घरात आणून भरलं की ते भरलेलं पाणी. तूच म्हणाली होती."

आत्यांनी वाकून माझ्या पांढऱ्या भिंतीवर दोनदा बोट वाजवले.

"हे काय आहे?"

"पाट."

"काठ आहे," आत्या म्हणाल्या. "काठ आहे म्हणजे नदी आहे. ठेव ती कुंडी जागेवर."

मित्रांनो, तेव्हापासून माझे पाणी कोणी ओतले नाही. माझ्या चौकटीला गंज आहे आणि दरवर्षी कुठेतरी पुट्टी भरावी लागते, ती भरली जाते. तुमच्या घरातही कधी एखादी वस्तू तडकेल आणि कोणी म्हणेल, मोडीत द्या. तेव्हा तिला एकदा चारी बाजूंनी फिरवून पाहा. फुटलेली बाजू बहुधा एकच असते. तिच्या जागी बसेल असे घरात काही आहे का, ते शोधा. ते सापडले की पाणी हळूहळू ओता आणि तिसऱ्या थेंबापर्यंत थांबा.