साहेबांचा आकडा आणि ताईंचं बटण

कारखान्यात त्याला सगळे 'प्रोफेसर' म्हणायचे. जन्मात कधी कुठे शिकवायला गेला नव्हता. पण साधं 'चहा घेणार का' विचारलं तरी तो 'समजा घेतला, तर' अशी सुरुवात करायचा, म्हणून.

त्याचं काम भट्टीचं गणित मांडायचं. विजेच्या भट्टीत लोखंडी ठोकळे लाल होऊन पुढे घडाईला, म्हणजे ठोकून आकार द्यायला, जात. मेख अशी की ठोकळा किती तापणार हे त्यात वीज किती मुरते यावर ठरतं, आणि वीज किती मुरते हे ठोकळा किती तापलाय यावर. म्हणजे उत्तर काढायला आधी उत्तर माहीत हवं. मग तो एक तापमान अंदाजाने ठोकून द्यायचा, त्यावरून उष्णता, उष्णतेवरून नवं तापमान, ते पुन्हा आत घालायचं. मागचा आणि पुढचा आकडा एक होईपर्यंत कॉम्प्युटर घाण्याला जुंपलेला. एक झाले की गणित स्वतःशी सुसंगत.

"म्हणजे स्वतःच बोलायचं आणि स्वतःच मान डोलवायची," बायको म्हणाली होती. "ते तर तुम्ही घरीही करता."

पण त्याच्याकडे पुरावा होता. मापन विभागातल्या ताई दुरून तापमान मोजणारं यंत्र ठोकळ्यावर रोखून आकडा लिहून आणायच्या. नऊ वर्षांत त्यांच्या आणि त्याच्या आकड्यात दोन अंशांहून जास्त फरक पडला नव्हता. तो आलेख त्याने तीन परिषदांत दाखवला. लोक टाळ्या वाजवत, तो मान खाली घालून 'छे, छे' म्हणे, आणि मनात टाळ्या मोजत असे.

मग ताई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या. मोजायची पाळी त्याच्यावर आली. यंत्र त्याच्या आकड्यापेक्षा खूपच वेगळं काहीतरी दाखवू लागलं. त्याने ताईंना फोन लावला.

"मागे एक छोटं बटण आहे बघा," ताई म्हणाल्या. "ते फिरवा."

"किती?"

"तुमचा आकडा येईपर्यंत."

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्याने पुन्हा विचारलं.

"अहो, ठोकळ्याचा पृष्ठभाग कसा आहे ते यंत्राला त्या बटणाने सांगावं लागतं. ते मला कुठून कळणार? आधीचे साहेब म्हणाले होते, माहीत असलेल्या तापमानावर लावून घ्या. माहीत असलेलं म्हणजे तुमचंच ना. कॉम्प्युटरचं."

"ताई," तो सावकाश म्हणाला, "माझ्या गणितात एक गुणक आहे. पृष्ठभागातून किती उष्णता निसटते त्याचा. तो मी तुमच्या आकड्यांवरून ठरवलाय."



"म्हणजे आपण दोघं..." ताई म्हणाल्या.

"हो. नऊ वर्षं."

फोन ठेवून तो स्टुलावर बसला. कोणाला काही कळलेलं नव्हतं. त्याने बटण हळूच फिरवून पाहिलं. आकडा झक्कपैकी जुळला, आणि जुन्या सवयीने त्याचा ऊरही भरून आला. त्या भरून आलेल्या उराची त्याला इतकी लाज वाटली की तो तडक उठला आणि वर्कशॉपमध्ये जाऊन त्याने एका ठोकळ्याला भोक पाडून घेतलं. आत तापमापकाची तार घालून ठोकळा तापवला. ठोकळा त्याच्या आकड्यापेक्षा एकाहत्तर अंशांनी थंड निघाला.

मॅनेजरकडे जाऊन त्याने सगळं सांगून टाकलं.

"मग इतकी वर्षं माल बिघडला कसा नाही?" मॅनेजरने विचारलं.

"घडाईला शंभरेक अंश इकडेतिकडे चालतात, साहेब. आपण त्या सवलतीवर जगलो."

"आपण नाही," मॅनेजर म्हणाले. "तुम्ही."

पुढचे दोन महिने त्याने गणित मुळापासून उकरलं. ताई काठी टेकत परत आल्या आणि बटण कुठे ठेवायचं ते आता तारेवरून ठरवू लागल्या. फरक एकाहत्तरवरून तेवीसवर आला आणि तिथे हटून बसला. प्रोफेसरने रुसून पाहिलं, दटावून पाहिलं. तेवीस ते तेवीसच.

त्या वर्षीच्या परिषदेत त्याने तोच आलेख तारेच्या नव्या आकड्यांनी काढून दाखवला. आधी नऊ वर्षांची हकिकत सांगितली, बटणासकट. दोष मात्र स्वतःकडे घेतला. सभागृहात हशा पिकला. टाळ्या पडल्या नाहीत. मग मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली.

"हे तेवीस अंश कुठे जातात?"

"माहीत नाही," तो म्हणाला.

लगेच आणखी दोघं उठले. एकाला तारेच्या भोकाचा संशय, दुसऱ्याला भट्टीच्या अस्तराचा. त्याच्या चकाचक आलेखाला आजवर एकाही माणसाने प्रश्न विचारला नव्हता, हे त्याच्या तिथे उभ्या उभ्या लक्षात आलं. चहाच्या सुट्टीत तिघांनी त्याला कोपऱ्यात गाठलं, आणि कागदी रुमालावर आकृत्या काढता काढता त्याचा चहा गार झाला.

परत आल्यावर त्याने ताईंना सगळं सांगितलं.

"भोकाचं म्हणतात? भोक तर तुम्ही पाडून घेतलंत," ताई म्हणाल्या. "म्हणजे तेवीस अंश तुमचे."

"निम्मे तुमचे."

"साडेअकरा मी घेणार नाही," ताई म्हणाल्या आणि नवा ठोकळा मागवायला निघाल्या.