सहाव्या मजल्यावर थांबू का?

मित्रांनो, हसणार नसाल तर सांगते. मी एक जुनी लिफ्ट आहे आणि मला उंचीची भीती वाटते. मासाच पाण्याला भ्याला तर त्याने जावं कुठे? तसंच माझं झालं आहे. वरच्या मजल्यावर थांबले की खालचा काळोखा खड्डा आठवतो. पण कुणी बटण दाबलं की निघावंच लागतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सुताराने माझ्या लाकडी भिंती घासून गुळगुळीत केल्या. कुणी पितळी बटणं बसवली, कुणी सरकणारा जाळीचा दरवाजा लावला. मग माझ्या पोटात वाळूची पोती रचून मला वर-खाली पळवलं. मी थरथर कापत होते. ते पाहून एक म्हातारा मिस्त्री म्हणाला, "जरा भित्री आहे पोरगी. असू दे. भित्री लिफ्ट परवडली, बेफिकीर नको." मला लाज वाटली, पण थोडा धीरही आला.

माझी नेमणूक झाली ती एका श्रीमंत वस्तीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, फाटकावर पहारेकरी, आणि आठ मजल्यांची देखणी इमारत. सुरुवातीला माझं काय कौतुक! पाहुणे आले की यजमान मला दाखवायचे आणि मगच घर दाखवायचे. पुढे शेजारच्या इमारतींत आपोआप उघडणाऱ्या चकचकीत लिफ्ट आल्या आणि माझ्याकडे पाहून नाकं मुरडली जाऊ लागली. "जुनी आहे हो, घ्या चालवून," असं लोक माझ्यातच उभं राहून म्हणायचे. तेलपाणीही वेळेवर मिळेना. तरी मी माझ्या माणसांवर रागावले नाही. माणसं वाईट नव्हती. ते तुम्हाला आता कळेलच.

एके दिवशी नदीपलीकडच्या एका उंच इमारतीला आग लागली. गरीब लोकांची, खचाखच भरलेली इमारत. आमच्या गच्चीवरून धूर दिसत होता. मी सगळ्यांना तो पाहायला वर नेलं आणि खाली आणलं. दुसऱ्या दिवसापासून कपडे, चादरी, भांडी, डबे, औषधं अशा सामानाने माझं पोट गच्च भरू लागलं. सगळं घरं जळालेल्या लोकांसाठी. मला इतका अभिमान वाटला, की त्या दिवसांत मी उंची विसरले.

मग बातमी आली. त्यांची इमारत पुन्हा बांधून होईपर्यंत आमच्या सहाव्या मजल्यावरच्या रिकाम्या घरांत सरकार तीन कुटुंबांना ठेवणार होतं.

मित्रांनो, लिफ्टमध्ये माणसं भिंतीकडे बघून बोलतात, आणि ती भिंत मीच असते. त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

"वाईट वाटतंच हो, पण इथली दूध-भाजीसुद्धा त्यांना परवडायची नाही."

"मदत आपण केलीच ना. पण मदत वेगळी आणि शेजार वेगळा."

"त्यांच्यातच राहिले तर त्यांनाही बरं वाटेल. मी त्यांच्याच भल्याचं बोलतोय."

दुरून डोंगर साजरे, तशी दुरून दया सोपी असते. प्रत्येक वाक्यात एक 'पण' होता. तो ऐकला की माझा दोर आखडायचा. आता काहीतरी होणार, या विचाराने मी धास्तावून राहू लागले.

ते लोक आले. त्यांत एक आजी होती, तिची सून होती आणि जिला सगळे चिंगी म्हणायचे ती नात होती. आजीचा पाय भाजला होता. पहारेकऱ्याने तिला माझ्याजवळ आणलं आणि मला पाहताच आजी अशी किंचाळली, की माझ्या काळजात धस्स झालं. शेवटी तिला खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं. सुनेने पहारेकऱ्याला कारण सांगितलं ते मी ऐकलं. आजोबांचे गुडघे दुखायचे. आग लागली तेव्हा ते लिफ्टमध्ये शिरले. वीज गेली, लिफ्ट मध्येच अडकली, आणि धूर आत आला. आग लागल्यावर लिफ्टने कधीही जायचं नसतं, मित्रांनो. आजोबांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून मला उंचीपेक्षा स्वतःचीच भीती वाटू लागली. मीसुद्धा कुणासाठी तशी ठरले तर?

आजीच्या पायाची मलमपट्टी करायला दवाखान्यात जावं लागायचं. सुनेच्या खांद्यावर भार टाकून ती जिना उतरायची, आणि दर वेळी जखम उघडायची. "जिना बंद करा. जखम चिघळली तर पाय काढावा लागेल," असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं. मग आजी रोज माझ्या दारापर्यंत येऊ लागली. जाळीवर हात ठेवायची आणि काढून घ्यायची. 

"आजी, हिला जाळी आहे गं. आतून बाहेरचं सगळं दिसतं," चिंगी समजावायची.

"उद्या बसते," आजी म्हणायची. "उद्या नक्की बसते."

आणखी एक गोष्ट होती. सहाव्या मजल्यावरची ही माणसं घराचं दार लावत नसत. दिवसा नाही आणि रात्रीही नाही. उंबऱ्याशी चपला आणि एक बांधलेलं गाठोडं ठेवलेलं असायचं. आगीत त्यांची दारं फुगून बसली होती, लाथा मारूनही उघडेनात. बंद दार पाहिलं की आजीचा श्वास कोंडायचा. पण हे कुणी त्यांना विचारलं नाही. "चोवीस तास दार सताड उघडं! आपल्याकडे अशी पद्धत नाही. उद्या चोर शिरले म्हणजे?" असं सातव्या मजल्यावरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या दातांच्या डॉक्टर होत्या. आठव्या मजल्यावर राहणाऱ्या, आमच्या इमारतीच्या अध्यक्षांना ते पटलं. आणि गाठोडं पाहून तर लोकांना वाटलं, की ही मंडळी फार दिवस राहणार नाहीत. बरंच झालं.

आजीचा 'उद्या' उजाडण्याआधी मेकॅनिक आला आणि माझ्या बटणांखाली भोक पाडून कुलूप बसवून गेला. चावी फिरवली तरच मी हलणार. चाव्या सगळ्यांना वाटल्या, सहावा मजला सोडून. ही कल्पना डॉक्टरबाईंचीच, इमारतीच्या सभेने ती मंजूर केली. सून अध्यक्षांना भेटायला गेली.

"लिफ्ट जुनी आहे, एवढ्या माणसांचा भार तिला झेपायचा नाही," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्याच काळजीपोटी केलंय. पुढच्या सभेत विषय ठेवू."

मला झेपत होता हो! वाळूची पोती उचलली होती मी. पण ओरडून सांगायला लिफ्टला तोंड कुठे असतं? आजी पुन्हा जिना उतरू लागली. पायरीवर बसायची, सरकायची, पुन्हा बसायची. तिचं कण्हणं माझ्या खड्ड्यात घुमायचं आणि माझा जीव अर्धा व्हायचा.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. एका दुपारी डॉक्टरबाई जेवायला घरी निघाल्या. एकट्याच होत्या. पाचवा मजला सुटला आणि वीज गेली. मी पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये लटकले. आत अंधार. डॉक्टरबाईंनी घंटा दाबली, पण ती विजेचीच, वाजली नाही. फोन लागेना. त्यांनी हाका मारल्या. पण आमच्या इमारतीतली दारं जाड लाकडाची, आणि सगळी बंद. मी ब्रेक घट्ट धरून ठेवला होता. सुटला तर काय, एवढंच मनात येत होतं. त्या दोन्ही हातांनी जाळी हलवू लागल्या आणि रडू लागल्या.

सहाव्या मजल्यावरची दारं तेवढी उघडी होती.

काठीचा आवाज आला. वर, डॉक्टरबाईंच्या कपाळाच्या उंचीवर, एक पट्टी बांधलेलं पाऊल दिसलं. मग आजी फरशीवरच बसली.

"कोण गं आत?"

"मी... सातव्या मजल्यावरची. मला श्वास घेता येत नाहीये."

"बोलतेयस ना? मग येतोय घेता. दार ओढू नकोस. माझी सून पहारेकऱ्याला आणायला धावलीय."

"तुम्ही जाऊ नका हं!"

"जाते कुठे? माझ्याकडे चावी कुठे आहे?"

डॉक्टरबाईंचा हात माझ्या कुलपातल्या चावीवर गेला. आजी मात्र बोलत राहिली. चिंगीचा दात पडला ते, सून भातात मीठ विसरते ते, वाटेल ते. बोलताना तिची काठी फरशीवर टकटक वाजत होती. शेवटी डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, तुम्हाला भीती नाही वाटत इथे बसायची?"

"वाटते ना. आमचे हे असेच अडकले होते. त्यांच्याशी बोलायला बाहेर कुणी नव्हतं."

पहारेकऱ्याने वरच्या खोलीत जाऊन हाताने चाक फिरवलं आणि मला इंच इंच वर घेतलं. दार उघडताच डॉक्टरबाई आजीला ओलांडून धावतच घरी गेल्या. त्यांनी दार लावल्याचा आवाज मी ऐकला. गरज सरो, वैद्य मरो, असं मी मनात म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

पुढे काही दिवस तसेच गेले. कुलूप होतं आणि जिनाही होता. आजीच्या पट्टीला वास येऊ लागला.

मग एका सकाळी अध्यक्ष आठव्या मजल्यावरून निघाले. सातव्यावर डॉक्टरबाई आत आल्या. त्यांनी स्वतःची चावी फिरवली आणि सहाचं बटण दाबलं.

"डॉक्टर, तो सहावा आहे," अध्यक्ष म्हणाले.

"माहीत आहे."

मी थांबले. भीतीने माझी प्रत्येक फळी करकरत होती. जिन्याच्या तोंडाशी आजी आणि सून उभ्या होत्या. डॉक्टरबाईंनी जाळी सरकवली.

"आजी, या."

"आपलं ठरलंय डॉक्टर, सभेत," अध्यक्ष हळूच म्हणाले.

"ठरवताना मी होते. आता लिफ्ट मीच थांबवलीय. यांचा पाय जाईल."

आजी दारात आली आणि तिथेच थिजली. चावी होती, दार उघडं होतं, पण पाऊल उचलेना. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. खूप वेळाने आजी आत आली.

"दार लागलं की कुणीतरी बोला हं," ती म्हणाली. तिचे डोळे गच्च मिटलेले होते.

दार लागलं. त्या दुपारनंतर डॉक्टरबाईंनाही माझी भीती वाटत होती. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमची... तुमची दाढ कधी दुखते का?" सुनेला हसू आलं आणि रडूही. मी इतकी सांभाळून उतरत होते, की जणू माझ्या पोटात काचेची भांडी होती.

"चौथा," एकाएकी कुणीतरी म्हणालं. अध्यक्ष होते. ते भिंतीकडे बघत होते, माझ्याकडे. "तिसरा. दुसरा आला. आता पहिला."

मित्रांनो, कुलूप अजून माझ्या छातीत आहे. सभा व्हायची आहे, आणि तिथे काय ठरेल या विचाराने माझी पाचावर धारण बसली आहे. मी यंत्र, मला मत नाही. तुम्हाला आहे. माझ्या दोराची काळजी घ्या, मला वेळेवर तेल द्या, एवढं मागायचा मला हक्क आहे. दुसरं मागणं आजीसाठी आहे. घर जळलेलं माणूस तुमच्या दारात आलं, तर त्याला नुसती चादर देऊन परत पाठवू नका. आत घ्या. आणि पोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहा.