काथवटीतली फळी

मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे. पीठ मळायची, लाकडाची, आणि एवढी ऐसपैस की तान्हं मूल माझ्यात सुखाने झोपावं. कनेटिकट नदीकाठच्या एका गावात अमासा नावाच्या सुताराने मला मेपलच्या एका ओंडक्यातून कोरलं. तेव्हा अमेरिका नुकतीच इंग्रजांच्या हातून सुटली होती. म्हणजे देश आणि मी एकाच वयाचे. दोघांचीही लहानपणी फार काळजी घ्यावी लागे, नाहीतर तडे जायचे.

अमासाच्या बायकोने मला जन्मभर जपलं. जाताना ती म्हणाली, काथवट दोन्ही मुलींची, दोघींनी मिळून वापरावी. थोरली हल्डा, धाकटी अझूबा. दोघींची लग्नं गावातच झाली होती. दर वसंतात निवडणुकीचा दिवस आला की दोघी बापाच्या घरी यायच्या आणि माझ्यात निवडणुकीचा केक, म्हणजे मनुका घालून आंबवलेला गोड पाव, मळायच्या. मत द्यायचं पुरुषांनी, केक करायचा बायकांनी, अशी आमच्याकडची रीत. आणि खरं सांगू का? कोण निवडून आलं हे लोक वर्षभरात विसरत, केक मात्र लक्षात ठेवत.

मग एका हिवाळ्यात घर दुभंगलं. इंग्रज आणि फ्रेंच लढत होते आणि मधल्या मध्ये आमची जहाजं पकडत होते. म्हणून आमच्या सरकारने जहाजांना बंदराबाहेर पडायलाच बंदी केली. हल्डाचा नवरा एलिहू फेडरलिस्ट, म्हणजे विरोधी पक्षाचा, आणि त्याचं स्वतःचं गलबत होतं. अझूबाचा नवरा जेरेड कातडी कमावणारा, पक्का रिपब्लिकन, सरकारच्या बाजूचा. जेवताना एलिहू म्हणाला, "तुझ्या सरकारनं माझं गलबत गाईसारखं दावणीला बांधलं."

जेरेड म्हणाला, "दावणीला आहे म्हणून शाबूत आहे. नाहीतर इंग्रजांनी कधीच दोहलं असतं."

बोलता बोलता एक खुर्ची मोडली. दोघा साडूंनी तिथल्या तिथे आपापल्या बायकांना शपथ घ्यायला लावली, की बहिणीशी एक शब्दही बोलायचा नाही. आमच्या गावात शपथ म्हणजे शपथ. अझूबाला त्यानंतर महिन्याभरात मुलगी झाली. हल्डाला स्वतःचं मूल नव्हतं. तिने भाचीला एकदाही मांडीवर घेतलं नाही.

वसंत आला आणि माझा प्रश्न निघाला. एलिहू म्हणाला, करवतीने मधोमध कापा, म्हणजे झालं. जेरेडने लगेच मान डोलावली. सबंध हिवाळ्यात त्या दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर! पण म्हातारा अमासा म्हणाला, "आधी केक होऊ दे, मग कापा. तोवर फळी घालतो." त्याने एक फळी तासून माझ्या मध्यावर ठोकून बसवली. एक बाजू फेडरलिस्टांची, एक रिपब्लिकनांची.

केकच्या आदल्या दुपारी दोघी बहिणी आल्या. पाठीला पाठ लावून साहित्य काढलं आणि दोन बाजूंना मळायला लागल्या. अझूबाच्या आंबवणाला छान जोर होता, पण तिच्या पिठात एकही मनुका नव्हती. हल्डाकडे गलबताच्या शेवटच्या सफरीतल्या मनुका होत्या, जायफळ होतं, पण तिचं आंबवण थंडीने मेलं होतं. दिवेलागणीपर्यंत एक बाजू टम्म फुगली. दुसरी पडली होती तशीच.

अझूबाला राहवेना. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काथवटी, पलीकडच्या बाईंना सांग, पीठ फुगायला ठेवलंय की घराचा पाया घालायचाय?"

हल्डाचे हात थांबले. तीही माझ्याकडेच बघत म्हणाली, "काथवटी, अलीकडच्या बाईंना सांग, आमचं पीठ विचार करून फुगतं. रिपब्लिकनांसारखं वारा भरून नाही."

"सांग, विचार पुढच्या निवडणुकीपर्यंत संपेल ना?"

"आणि विचार तिला, मनुका कुठायत? का बंदी घालणारे राष्ट्राध्यक्ष स्वतः घेऊन येणारेत?"

मित्रांनो, इतकं मानाचं काम मला आयुष्यात पुन्हा मिळालं नाही.

तेवढ्यात अझूबाने टोपलीतून आणलेलं बाळ रडायला लागलं. अझूबाचे हात कोपरापर्यंत पिठात. ती हात पुसायला फडकं शोधू लागली. बाळाचा आवाज चढला. हल्डा क्षणभर उभी राहिली. मग तिने हात एप्रनला पुसले आणि बाळाला उचललं. शपथ फक्त बोलण्याची होती. बाळ गप्प झालं आणि मावशीच्या गालाला लागलेलं पीठ बोटाने चाचपू लागलं.

हल्डा हळूच म्हणाली, "काथवटी, हिचं कपाळ अगदी आमच्या आईसारखं आहे गं."

अझूबाने दोन्ही हातांनी फळी धरली आणि उपसून काढली. मग फुगलेलं पीठ सपाट पिठात घातलं, मनुका ओतल्या आणि एकटीने सगळं पुन्हा मळलं. हल्डा बाळाला थोपटत बघत राहिली.

सकाळी एलिहू आणि जेरेड करवत घेऊन आले. माझ्यावरचं फडकं काढलं, तर काठोकाठ एकच गोळा, मधोमध किंचित थरथरणारा. दोघे वाकून बघू लागले.

"यात आपलं कुठलं?" एलिहूने बायकोला विचारलं.

हल्डा म्हणाली, "तुम्हीच शोधा. सापडलं की तेवढं कापून घ्या."

जेरेडने एक मनुका उचलून तोंडात टाकली. एलिहू म्हणाला, "ती माझी होती." जेरेड चघळत म्हणाला, "मग पिठाचं फुगणं आमचं. तेवढं काढून दे तू." म्हातारा अमासा आधी हसला, मग ते दोघे. हसता हसता एलिहूने करवत दाराबाहेर ठेवली आणि बायकोला म्हणाला, "बोल बाई बहिणीशी. नाहीतर ही काथवट सगळ्या गावाला सांगत सुटेल."

राजकारण काही सुटलं नाही. दोघे साडू मरेपर्यंत दरवर्षी वेगळं मत देत आले, आणि त्यानंतर एकाच केकवरून भांडत. मला ते भांडण आवडायचं.

आता बाजारात तयार पाव मिळतो. मी कोठारात असते आणि माझ्यात कोंबडी अंडी घालते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लाकडाला पिठाची सवय असते, मित्रांनो. तुमच्या घरात दोघांची मिळून एखादी वस्तू असेल, तर तिला कापू नका आणि कोरडीही पडू देऊ नका. वर्षातून एकदा तरी दोघांनी बाह्या सरसावून तिच्यात हात घाला.