नऊ वाजेपर्यंतची प्रार्थना

जगाच्या सुरकुत्या मोडणाऱ्या बाईला कधी कुणी विचारलंय का हो, "बाई गं, तुझं स्वतःचं कसं चाललंय?" तुम्हीही विचारलं नसणार. हरकत नाही, आज मीच सांगते. मी इस्त्री बोलतेय. विजेची नव्हे, कोळशाची. पोटात निखारे, डोक्यावर लाकडी मूठ आणि अंगात सात किलो वजन असलेली.

ओतकामाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. साच्यातून काढल्यावर एका कामगाराने मला कानशीने घासलं, तळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ही तीन पिढ्या पुरेल." सुरुवातीची काही वर्षं मी एका शिंप्याकडे होते. तो मला कोटाच्या कॉलरपुरतं बाहेर काढी आणि पुन्हा फळीवर ठेवून देई. फळीवर बसून मला गंज चढू लागला, तेव्हा एका लाँड्रीवाल्याने मला घेतलं. तो गेल्यावर मी त्याच्या धाकट्या सुनेच्या हाती आले, आणि तिथून पुढे मला गंज चढायला कधी सवडच मिळाली नाही.

या सुनेला सगळी गल्ली तिखटमावशी म्हणते. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती आहे! लाँड्री दोघी जावा मिळून चालवतात. दोघींचेही नवरे आता नाहीत. मागच्या अंगणात मोठ्या जाऊबाई कपडे धुतात, पुढच्या खोलीत तिखटमावशी इस्त्री करते. जाऊबाई दिवसभरात जेवढं बोलतात, तेवढं तिखटमावशी एका गिऱ्हाइकाला ऐकवते.

कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नाही. ओलं बोट माझ्या तळाला निसटतं लावते आणि नुसत्या 'चर्र' आवाजावरून ओळखते, की आता रेशीम घ्यायचं की सुती. शर्टाची बाही अशी काढते, की घालणाऱ्याला दोन क्षण ताठच उभं राहावंसं वाटतं. पण कुणी "जरा लवकर द्या" म्हणायचा अवकाश! "मग काल का नाही आणलेत? काल काय हात मोडले होते?"

आणि हीच बाई रोज सकाळी निखारे भरण्याआधी माझ्या मुठीवर दोन्ही हात ठेवते, डोळे मिटते आणि म्हणते, "प्रभू येशू, आज माझं तोंड सांभाळ."

बस, एवढीच प्रार्थना. ती नऊ वाजेपर्यंत टिकते. मग कुणीतरी येतं, काहीतरी बोलतं आणि सगळं ओमफस होतं. संध्याकाळी माझ्या पोटातली राख झटकताना ती हळूच पुटपुटते, "आजही नाही जमलं रे प्रभू. उद्या पुन्हा येते."

पहिली काही वर्षं मला हसू यायचं. एकदा कोळसेवाल्यानेही तिला छेडलं, "मावशी, इतकी वर्षं प्रार्थना करताय. तुमचा देव बहिरा आहे की काय?"

"तो ऐकतो रे. मीच ऐकत नाही," ती म्हणाली, "आणि तुझे कोळसे ओले आहेत, ते आधी बघ!"

त्या दिवसापासून मी हसणं सोडलं. रोज हरून रोज त्याच दारात उभं राहायला केवढं बळ लागत असेल, याचा मी विचार करू लागले. मी लोखंडाची आहे, पण मला ते जमलं नसतं.

आता ज्यासाठी बोलायला बसले, ते सांगते.

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजावर अंथरायचं एक पांढरं कापड आहे. काठावर गव्हाच्या लोंब्यांचं भरतकाम. महिन्यातून एकदा ते आमच्याकडे येतं. बावीस वर्षं जाऊबाई ते धुतात आणि तिखटमावशी त्याला इस्त्री करते. त्याच्यासाठी टेबलावर वेगळी धुतलेली चादर अंथरते आणि मला तीन-तीनदा पुसते.

माझ्या झाकणाची खिटी ढिली झाली होती. "ती नीट करून घे गं," जाऊबाई महिनाभर सांगत होत्या. शनिवारी दुपारी कापड टेबलावर असताना त्यांनी पुन्हा सांगितलं. झालं!

"माझ्या इस्त्रीचं मला कळतं! तुम्ही तुमची बादली सांभाळा!"

"बोल बाई, बोल. सकाळी प्रभूला हात जोडायचे आणि दुपारी माणसांचे कान फाडायचे."

हे वर्मी लागलं. निखारे फुलवायला ती मला नेहमी अंगणाच्या दारात नेऊन झुलवते. त्या दिवशी रागाच्या भरात टेबलाजवळच तिने मला हिसडा दिला. खिटी निसटली, झाकण उघडलं आणि माझ्या पोटातल्या ठिणग्या कापडावर पडल्या. तिने हातांनी त्या झटकल्या, पण लोंब्यांच्या शेजारी तीन भोकं पडलीच.

जाऊबाई तोवर अंगणात गेल्या होत्या. तिखटमावशीने बारीक कात्री घेतली आणि भोकांच्या तपकिरी कडा कातरून टाकल्या. धुण्याच्या धंद्यातल्या कुणालाही ते बघून एकच वाटलं असतं: ब्लीचिंग पावडरची न विरघळलेली गुठळी राहिली आणि तिने कापड खाल्लं. तिने घडी घातली, भोकं आतल्या बाजूला गेली.

सोमवारी पाळकसाहेब कापड घेऊन स्वतः आले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मावशी, हे कसं झालं असेल?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे. "धुताना झालं असेल काहीतरी. पावडरची गुठळी..."

जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी कापड डोळ्यांजवळ नेलं, भोकांवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं असणार, साहेब. हल्ली नीट दिसत नाही. पुढच्या महिन्यापासून हे कापड दुसऱ्या कुणाला तरी द्या."

साहेब कापड आमच्याकडेच ठेवून गेले. मंगळवारी सकाळी तिखटमावशीने मुठीवर हात ठेवले, पण तोंडातून शब्द फुटेना. बुधवारीही तेच. नऊ वाजून गेले तरी ती कुणावर ओरडली नाही. गिऱ्हाइकं चकित झाली. कोळसेवाला म्हणाला, "मावशी, बरं नाही का तुम्हाला?" मला मात्र तिच्या ओरडण्यापेक्षा तिच्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटली. वाटलं, हिने आता त्या दारात जाणंच सोडलं.

तिकडे जाऊबाई पावडर पाण्यात दोन-दोनदा गाळत होत्या. एकेक रुमाल घेऊन आत यायच्या आणि विचारायच्या, "हा पांढरा झालाय का गं? कुठे विरलाय का? तुझ्या डोळ्यांनी बघून सांग. माझ्या डोळ्यांचा आता भरवसा नाही." गुरुवारी दुपारी तर त्या म्हणाल्या, "महिनाअखेर मी धुणं बंद करते. कुणाचं आणखी नुकसान नको."

तिखटमावशीने मला विटेवर ठेवलं. मुठीवर हात ठेवला. "प्रभू येशू," ती मोठ्याने म्हणाली, "आज माझं तोंड उघड." मग जाऊबाईंकडे वळली. "भोकं मी पाडली. खिटी निसटली, ठिणग्या पडल्या. कडा कातरून मी तुमच्यावर ढकललं. मला माफ करा."

जाऊबाई स्टुलावर बसल्या. "तीन रात्री मला झोप नाही. आंधळी झाले म्हणून देवाकडे रडत होते मी! आणि तू..."

"मी माफी मागतेय ना! मग मध्ये का बोलता?" तिखटमावशी कडाडली.

तिखटमावशीने स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला. "बघा! बघा हे तोंड! माफी मागतानासुद्धा..." आणि ती ढसाढसा रडू लागली.

जाऊबाई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "मला सांगितलंस. साहेबांसमोर माझं नाव गेलं, त्याचं काय?"

गुरुवारी चर्चमध्ये बायकांची सभा असते. अंगावर तोच कामाचा मळका झगा, हातात ते कापड, अशी ती तडक गेली. ती परतली तेव्हा माझे निखारे विझले होते. "काय म्हणाले साहेब?" जाऊबाईंनी विचारलं.

"चौदा जणींसमोर सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, कापडाला रफू करता येईल. मी म्हटलं, आणि मला? तर म्हणाले, मावशी, तुमचं तर रोज सकाळी चालूच आहे की." ती नाक पुसत म्हणाली, "खरंच, चालू आहे का हो, जाऊबाई?"

जाऊबाईंनी सुईदोरा काढला आणि तिच्यापुढे धरला. "ओवून दे. मला दिसत नाही, ते खोटं नाही. पण रफू मीच करणार."

आता माझं वय झालंय. मूठ तडकलीये, आणि दुकानात विजेची इस्त्री आली की मला पुन्हा फळीवर जावं लागेल, हे मला ठाऊक आहे. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. सकाळी प्रार्थना करून दुपारी भांडणारी बाई दिसली, तर तिला ढोंगी म्हणण्याआधी उद्याची सकाळ होऊ द्या. ती पुन्हा येते की नाही, तेवढं बघा.

त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंनी ते रफू केलेलं कापड स्वतःच्या हातांनी भिजत घातलं. तिखटमावशीने माझ्या मुठीवर हात ठेवून "प्रभू येशू, आज माझं तोंड सांभाळ" म्हटलं, माझी खिटी तारेने घट्ट बांधली, आणि पावणेनऊला ती ओल्या कोळशांवरून कोळसेवाल्याशी भांडली.